समलंबांची बेरीज: खाडीचा छेद, भरतीचे पाणी आणि निश्चित समाकलाचा अदमास

मढ आणि वेसावे ही मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील दोन जुनी कोळी गावे मालाडच्या खाडीच्या मुखाशी समोरासमोर वसलेली असून, त्यांच्यामधील चिंचोळ्या जागेतून दिवसाकाठी साधारणतः दोनदा समुद्राचे पाणी आत शिरते आणि दोनदा बाहेर पडते. एका भरतीत या मुखातून किती घनमीटर पाणी आत गेले, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. खारफुटीला पोहोचणारे खारे पाणी, तळाशी साचणारा गाळ, ओशिवरा नदीने आणलेली घाण बाहेर वाहून जाण्याचा वेग किंवा प्रवाहाच्या ओढीवरच अवलंबून असलेली डोल जाळ्याची मासेमारी, यांपैकी कशाचाही विचार करू लागले की तोच प्रश्न निराळ्या वेषात पुढे उभा राहतो. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी दोन वेळा बेरीज करावी लागते. एकदा या काठापासून त्या काठापर्यंतच्या खोल्यांची बेरीज करून पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ काढावे लागते, आणि मग एका थबकलेल्या पाण्यापासून दुसऱ्या थबकलेल्या पाण्यापर्यंतच्या काळात क्षणाक्षणाला वाहणाऱ्या प्रवाहाची बेरीज करून एकूण घनफळ काढावे लागते. सतत बदलणाऱ्या राशीची, दोन ठरावीक मर्यादांमधील अशी जी बेरीज, तिलाच गणितात निश्चित समाकल म्हणतात; आलेखाच्या भाषेत सांगायचे तर वक्ररेषा, तिच्याखालचा अक्ष आणि दोन टोकांच्या उभ्या रेषा यांनी वेढलेले क्षेत्रफळ म्हणजेच निश्चित समाकल होय.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात समाकलाची ओळख होते ती न्यूटन आणि लायब्निट्स यांच्या सतराव्या शतकातील कार्यातून उभ्या राहिलेल्या मूलभूत सिद्धांताच्या द्वारे. ज्या फलनाचे अवकलन केले असता दिलेले फलन परत मिळते ते फलन शोधावे, दोन टोकांच्या त्याच्या किमतींची वजाबाकी करावी, की क्षेत्रफळ हाती येते. ही रीत इतकी देखणी आहे की तिच्या अटीकडे विद्यार्थ्याचे सहसा लक्ष जात नाही: दिलेले फलन सूत्ररूपात असले पाहिजे, आणि असे मूळ फलन ओळखीच्या फलनांच्या भाषेत लिहिता आले पाहिजे. संख्याशास्त्रातील घंटाकृती वक्ररेषेचे सूत्र सर्वांना ठाऊक आहे, तरीही तिचे मूळ फलन बहुपदी, ज्या (साइन), घातांकी अशा परिचित फलनांतून कधीच बांधता येत नाही. खाडीच्या तळाला तर सूत्रच नसते. असतात त्या होडीतून दोरी सोडून किंवा ध्वनिलहरींच्या साहाय्याने ठिकठिकाणी घेतलेल्या खोलीच्या नोंदी. अशा वेळी क्षेत्रफळाचा अदमास बांधणे हाच एक मार्ग उरतो, आणि त्या अदमासाच्या सर्व रीतींत समलंब नियम ही सर्वांत जुनी, सर्वांत साधी आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत कमी लेखली गेलेली रीत आहे.

नियमाची मांडणी दोन वाक्यांत होते. दोन मर्यादांमधील अंतराचे समान रुंदीच्या पट्ट्यांत विभाजन करावे, प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांवरील उंची मोजावी, आणि पट्टीच्या माथ्यावरील वक्ररेषेच्या जागी त्या दोन उंचींची टोके जोडणारी सरळ रेषा आहे असे मानावे, म्हणजे प्रत्येक पट्टी हा एक समलंब चौकोन होतो आणि त्याचे क्षेत्रफळ दोन समांतर बाजूंच्या सरासरीला रुंदीने गुणून मिळते. सर्व पट्ट्यांची बेरीज केली असता मधली प्रत्येक उंची दोन शेजारच्या पट्ट्यांत वाटून पूर्ण एकदा धरली जाते, तर पहिली आणि शेवटची उंची अर्धीच धरली जाते. म्हणून संपूर्ण नियम असा होतो की टोकांच्या उंचींची निम्मी बेरीज अधिक मधल्या सर्व उंचींची बेरीज, या एकूण राशीला पट्टीच्या रुंदीने गुणावे.

एक कल्पित छेद घेतला तर या नियमाचे गुणदोष एकदम डोळ्यांपुढे येतात. खाडी २४० मीटर रुंद आहे, मधोमध ६ मीटर खोल आहे आणि तिचा तळ अन्वस्ताच्या, म्हणजे वर फेकलेल्या दगडाच्या मार्गाला उलटे केल्यावर दिसेल त्या वक्ररेषेच्या आकाराचा आहे असे धरू. अन्वस्ताचे क्षेत्रफळ त्याभोवतीच्या आयताच्या दोन-तृतीयांश असते हे आर्किमिडीजच्या काळापासून ज्ञात असल्याने खरे उत्तर ९६० चौरस मीटर आहे, आणि त्याच्याशी अदमासाची तुलना करता येते. ६० मीटरांच्या चार पट्ट्या पाडल्या तर काठापासून क्रमाने ०, ४.५, ६, ४.५ आणि ० मीटर अशा खोल्या मिळतात. टोकांना खोली शून्य असल्याने नुसत्या मधल्या तिघींची बेरीज १५ येते आणि तिला ६० ने गुणून ९०० चौरस मीटर हे उत्तर मिळते. ३० मीटरांच्या आठ पट्ट्या पाडल्या तर खोल्यांची बेरीज ३१.५ आणि क्षेत्रफळ ९४५ येते. पहिल्या वेळी ६० चौरस मीटरांची तूट आली, दुसऱ्या वेळी १५ ची. पट्टीची रुंदी निम्मी केली की त्रुटी चौथाई होते, हा या नियमाचा स्वभाव आहे. आणि खोलीचा आलेख जेथे जेथे मध्ये फुगलेला असतो तेथे तेथे दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा त्याच्या आतूनच जात असल्याने उत्तर कमी येणार, तर जेथे आलेख आत दबलेला असतो तेथे ते जास्त येणार, हेही मोजणी सुरू करण्यापूर्वीच सांगता येते. किती चूक होते याइतकेच कोणत्या बाजूला चूक होते हे माहीत असणे मोलाचे असते, आणि ते सांगू शकणाऱ्या रीती फार नाहीत.

या सिद्धांताइतकेच प्रत्यक्ष मोजणीचे भानही आवश्यक आहे, कारण पट्ट्या वाढवत नेल्या की उत्तर हवे तितके अचूक होईल हा समज कागदावर खरा आणि पाण्यावर खोटा असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक अंतर पडू शकते, आणि ते जवळपास सहा तासांत कापले जात असल्याने मधल्या काळात पाणी तासाला सुमारे एक मीटर या गतीने चढते. म्हणजे मढच्या जेटीकडून वेसाव्याच्या काठापर्यंत खोली मोजत जाण्यास दहा मिनिटे लागली, तर तेवढ्या वेळात पातळीच पंधरा-सतरा सेंटिमीटरांनी बदललेली असते. म्हणून प्रत्येक नोंद एका ठरावीक आधारपातळीवर आणून मगच वापरावी लागते. वरच्या कल्पित छेदात सर्व खोल्या केवळ १० सेंटिमीटरांनी चुकल्या तरी क्षेत्रफळात २४ चौरस मीटरांचा फरक पडतो, जो आठ पट्ट्यांच्या गणिती त्रुटीपेक्षा मोठा आहे. आणि तळ मऊ गाळाचा असेल तर दोरीचे वजन त्यात रुतून तेवढी चूक सहज होते. अशा ठिकाणी सोळा पट्ट्या पाडण्यापेक्षा आठच पट्ट्या पाडून प्रत्येक नोंद नीट घेणे शहाणपणाचे ठरते.

नियमाचा इतिहास युरोपात सुरू होतो अशी समजूत पाठ्यपुस्तकांनी रुजवली असली तरी ती टिकणारी नाही. बाबिलोनच्या खगोलविदांनी गुरू ग्रहाच्या दैनंदिन गतीचा हिशेब करताना हीच रीत वापरली होती, हे ब्रिटिश म्युझियममधील मृत्तिकाफलकांच्या आधारे २०१६ साली मथ्यू ओसेनड्रायव्हर यांनी दाखवून दिले. ६० दिवसांत ग्रहाची गती दिवसाला १२ कलांवरून साडेनऊ कलांवर येते असे धरून, दोन गतींच्या सरासरीला ६० ने गुणून त्या खगोलविदांनी १० अंश ४५ कला हे अंतर काढले होते. हे फलक इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांतील आहेत.

त्याहून अधिक रेंगाळावे असे प्रकरण भारतीय गणितात आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा सह्याद्रीच्या परिसरात विणला गेला. इ. स. ६२८ मधील ब्राह्मस्फुटसिद्धांतात ब्रह्मगुप्ताने खोदलेल्या खड्ड्याचे घनफळ काढण्याच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत. वरच्या आणि खालच्या बाजूंची सरासरी काढून त्यावरून येणाऱ्या मधल्या क्षेत्रफळाला खोलीने गुणले की मिळते ते व्यावहारिक फळ. वरचे आणि खालचे क्षेत्रफळ यांची सरासरी काढून तिला खोलीने गुणले की मिळते ते औत्र फळ. आणि या दोहोंतील अंतराचा तिसरा हिस्सा व्यावहारिक फळात मिळवला की येते ते सूक्ष्म फळ. आजच्या परिभाषेत यांतील पहिला मध्यबिंदू नियम, दुसरा समलंब नियम आणि तिसरा, ज्याला इंग्लंडमधील टॉमस सिम्पसनचे नाव चिकटले आहे, तो अन्वस्ती नियम होय. सिम्पसनचा काळ अठराव्या शतकाचा आहे.

सुमारे पाचशे वर्षांनंतर भास्कराचार्यांनी लीलावतीत याच घनफळासाठी एकच सूत्र दिले: मुखाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोन्हीकडच्या बाजूंच्या बेरजांवरून येणारे क्षेत्रफळ यांची बेरीज करून सहाने भागावे व खोलीने गुणावे. त्यांच्याच उदाहरणातील पायविहिरीचे मुख १२ हात लांब व १० हात रुंद, तळ त्याच्या निम्म्या मापाचा आणि खोली ७ हात आहे. मुखाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३० आणि बाजूंच्या बेरजांचे १८ गुणिले १५ म्हणजे २७०. एकूण ४२०, त्याचा सहावा भाग ७० आणि घनफळ ४९० घनहात. ब्रह्मगुप्ताच्या पायऱ्यांनी गेल्यास व्यावहारिक फळ ४७२.५ येते, औत्र ५२५ येते, आणि त्यांच्यातील ५२.५ चा तिसरा हिस्सा १७.५ व्यावहारिकात मिळवला की पुन्हा ४९० हेच उत्तर मिळते. येथे समलंब नियम ३५ ने जास्त सांगतो आणि मध्यबिंदू नियम १७.५ ने कमी, म्हणजे एकाची चूक दुसरीच्या दुप्पट आणि उलट दिशेला. याच कारणाने तिसरा हिस्सा नेमका जुळतो. माती किंवा गाळ काढण्याच्या कामांत दोन टोकांच्या छेदांची सरासरी घेऊन घनफळ ठरवण्याची जी पद्धत आजही रूढ आहे ती औत्र फळाचीच असून, निमुळत्या खोदाईत तिचा कल जास्त माप दाखवण्याकडे असतो. मापावर मोबदला मिळणाऱ्याला ती का आवडावी हे वेगळे सांगायला नको.

भास्कराचार्यांचा याहूनही नेमका प्रयोग ११५० मधील सिद्धांतशिरोमणीवरील त्यांच्या स्वतःच्या भाष्यात आहे. गोलाच्या पृष्ठफळासाठी परिघाला व्यासाने गुणावे हे सिद्ध करताना त्यांनी गोलाचा परिघ ९६ भागांचा धरला आणि आवळ्यावर वरपासून खालपर्यंत दिसणाऱ्या रेषांसारख्या उभ्या रेषांनी त्याच्या पृष्ठाच्या ९६ फाकी पाडल्या. प्रत्येक अर्ध्या फाकीचे आडव्या रेषांनी २४ तुकडे होतात; सर्वांत वरचा तुकडा त्रिकोण आणि बाकीचे समलंब चौकोन. त्यांच्या बाजू २४ ज्यांच्या, म्हणजे कोनानुसार वाढत जाणाऱ्या अर्धजीवांच्या प्रमाणात असतात. ३४३८ त्रिज्येच्या कोष्टकातील या २४ ज्यांची बेरीज ५४२३३ होते. तीतून त्रिज्येचा अर्धा भाग १७१९ वजा केला की ५२५१४ उरतात, आणि पुन्हा १७१९ नेच भागले की ३० पूर्णांक व ३३ षष्ट्यंश येतात, जो ९६ परिघाच्या वर्तुळाचा व्यास आहे. शेवटच्या ज्येचा अर्धा भाग वजा करणे म्हणजे टोकाची उंची निम्मी धरणे होय, आणि त्यामुळे हा हिशेब समलंब नियमाशी केवळ मिळताजुळता नसून तोच तो आहे. काटेकोरपणे पाहता भागाकार ३०.५४९ च्या जवळ येतो आणि खरा व्यास ३०.५५८ च्या जवळ असतो. ज्येचा आलेख फुगीर असल्याने उत्तर किंचित कमीच येणार, पण तो फरक एका षष्ट्यंशाच्या निकटनातच विरून जातो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे, आणि तो प्रकाशात आणण्याचे श्रेय मुंबईचे डॉक्टर व पुराविद भाऊ दाजी लाड यांच्याकडे जाते.

ज्यांची ही बेरीज खाडीच्या मुखाशी पुन्हा भेटते. भरतीचा प्रवाह थबकलेल्या पाण्यापासून सुरू होतो, मध्यावर सर्वाधिक वेग घेतो आणि पुन्हा थबकतो, म्हणजे त्याचा आलेख स्थूलमानाने ज्येच्या अर्ध्या लाटेसारखा असतो. सहा तासांच्या भरतीत तासातासाला प्रवाह मोजून समलंब नियम लावला तर एकूण पाणी खऱ्यापेक्षा सुमारे २.३ टक्के कमी येते, आणि अर्ध्या तासाला मोजले तर ही तूट अर्ध्या टक्क्याच्या जवळपास खाली येते. एका निम्म्या टप्प्याचे उत्तर आणि पूर्ण टप्प्याचे उत्तर यांतील फरकाचा तिसरा हिस्सा सुधारणा म्हणून मिळवला तर काम आणखी सोपे होते. वरच्या अन्वस्ती छेदात ९४५ मध्ये ९०० व ९४५ यांच्यातील ४५ चा तिसरा हिस्सा १५ मिळवला की ९६० हे बिनचूक उत्तर येते. हीच कल्पना पायरीमागून पायरी पुढे नेण्याची पद्धती १९५५ मध्ये व्हेर्नर रोंबर्ग यांनी मांडली आणि संगणकाच्या काळात ती सर्वत्र पसरली. समलंब नियमाची चूक नियमबद्ध असल्यामुळेच तिच्यातून ही सुधारणा पिळून काढता येते.

या विषयाच्या बहुतेक पुस्तकांत समलंब नियम पहिल्या दोन पानांत उरकून सिम्पसनच्या नियमाकडे जाण्याची घाई केलेली असते, आणि जणू पहिला नियम हा दुसऱ्याचा कच्चा मसुदा आहे असा ग्रह होतो. भरती-ओहोटीच्या बाबतीत हा ग्रह सपशेल चुकीचा ठरतो. अठराव्या शतकात ऑयलर आणि मॅक्लॉरिन यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या सूत्रावरून असे दिसते की गुळगुळीत वक्ररेषेसाठी समलंब नियमाची मुख्य त्रुटी मधल्या चढउतारांवर अवलंबून नसून केवळ दोन टोकांच्या चढांमधील फरकावर अवलंबून असते, आणि त्यापुढील बारीक त्रुटीही टोकांवरच ठरतात. वक्ररेषा जेथून निघाली तेथेच त्याच चढाने परत आली, म्हणजे एक पूर्ण आवर्तन झाले, तर या सर्व त्रुटी एकमेकींना खोडतात आणि पट्ट्यांची संख्या थोडी वाढवली तरी उत्तर थक्क करणाऱ्या वेगाने अचूक होते.

याचे उदाहरण म्हणून सरासरी पातळी २.५ मीटर, तीवर १.५ मीटरची मुख्य लाट आणि उथळ खाड्यांत हटकून आढळणारी, दुप्पट वेगाने वरखाली होणारी ०.२ मीटरची उपलाट अशी एक भरती घेऊ. पूर्ण भरतीपासून पुढच्या पूर्ण भरतीपर्यंतच्या सुमारे १२ तास २५ मिनिटांचे चार समान भाग केले तर साधारण ३ तास ६ मिनिटांच्या अंतराने ४.२, २.३, १.२, २.३ आणि ४.२ मीटर अशा नोंदी मिळतात. समलंब नियमाने त्यांची सरासरी नेमकी २.५ मीटर येते. त्याच पाच नोंदींवर सिम्पसनचा नियम लावला, म्हणजे त्यांना क्रमाने एक, चार, दोन, चार, एक असे भार देऊन बाराने भागले, तर उत्तर २.४३ मीटर येते आणि जवळजवळ सात सेंटिमीटरांची चूक होते. कारण उघड आहे: वर्तुळासारख्या फिरून येणाऱ्या राशीत कोणत्याही एका क्षणाला दुसऱ्यापेक्षा जास्त मान देण्याचे कारण नसते, सिम्पसनचा नियम तो देतो, आणि समलंब नियमात टोकाच्या दोन निम्म्या नोंदी मिळून एकच पूर्ण नोंद होत असल्याने सर्वांना सारखाच भार मिळतो.

अर्थात प्रत्यक्ष भरती इतकी शिस्तीची नसते. एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची मंद भरती असते, आणि वेळही रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हा किनाऱ्यावरचा प्रसिद्ध ठोकताळा दर तिथीला ४५ मिनिटे धरतो, म्हणजे तोही एक सरळ रेषेचा अदमासच आहे, आणि पंधरवड्याअखेर तो तासाभराने मागे पडत असला तरी पुढच्या अमावस्येला किंवा पौर्णिमेला पुन्हा आरंभापासून मोजला जात असल्याने त्याची चूक साठत नाही. समलंब नियम वापरणाऱ्यालाही असेच कोठून कोठपर्यंत मोजायचे याचे भान ठेवावे लागते: आवर्तन अर्ध्यावर तोडले की त्याची ही खास अचूकता नाहीशी होते. वादळाने पाणी एकाएकी चढले, किंवा काही तासांच्या नोंदी हुकून टप्पे असमान झाले, तर प्रत्येक समलंबाची रुंदी वेगळी धरून बेरीज करता येते, जी सवलत सिम्पसनच्या नियमात सहजी मिळत नाही. रक्तातील साखरेच्या किंवा औषधाच्या चढउताराचा आलेख असमान अंतराने घेतलेल्या नमुन्यांवरून मोजणारे वैद्यकीय संशोधक म्हणूनच या नियमाकडे वळतात. १९९४ मध्ये ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात हाच नियम नवे प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला तेव्हा गणितज्ञांनी त्याची बरीच थट्टा केली, पण गरज पडेल तेथे तो नव्याने सुचतो यात नियमाच्या स्वाभाविकपणाचीच खूण दिसते.

मुंबईत अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध असून, समुद्राच्या सरासरी पातळीच्या दीर्घ इतिहासासाठी हिंदी महासागराच्या परिसरात त्यांच्या तोडीची मालिका क्वचितच सापडते. सरासरी पातळी म्हणजे पाण्याच्या उंचीचा काळावर घेतलेला निश्चित समाकल भागिले तो काळ, आणि चंद्राच्या पातबिंदूंचे १८.६ वर्षांचे चक्र पूर्ण होईपर्यंतचा काळ घेतला तर त्यात सुमारे १ लाख ६३ हजार तासिक नोंदी येतात. इतक्या मोठ्या बेरजेत पहिली आणि शेवटची नोंद निम्मी धरली काय किंवा पूर्ण धरली काय, उत्तरात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच फरक पडतो. म्हणून प्रत्यक्ष कामात सर्व नोंदींची सरळ सरासरी घेतली जाते, आणि ती सरासरी घेणाऱ्याने समलंब नियमाचे नाव ऐकलेले नसले तरी तो तोच नियम वापरत असतो.